आम्ही गप्प आहोत, राजी नाही

फुटबॉल क्लबांच्या मालकांना आणि संचालक मंडळांना,

सप्रेम नमस्कार.

हंगाम संपला की तुमचं निवेदन येतं. त्यात आमच्यासाठी एक ओळ ठरलेली असते : "आमच्या निष्ठावान समर्थकांचे मनःपूर्वक आभार." गेल्या वेळी ती ओळ वाचताना मी 'निष्ठावान' या शब्दापाशी थांबलो. त्या हंगामात तिकिटं महागली होती. टीव्हीच्या सोयीसाठी घरच्या सामन्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा बदलल्या होत्या. अकादमीतून वर आलेला, आमच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला मुलगा विकला गेला होता. आणि आम्ही चकार शब्द काढला नव्हता. तुम्ही आभार मानताय ते आमच्या या गप्प बसण्याचे, असं मला त्या क्षणी वाटलं. म्हणून हे पत्र.

माझा क्लब कोणता ते मी लिहीत नाही. नाव आलं की हे पत्र त्या एका क्लबपुरतं होईल आणि बाकीच्या मालकांना ते बाजूला ठेवायला बरं पडेल. दुसरं कारण सांगायला जड जातं, पण सांगतो. आपल्या क्लबबद्दल बाहेर वाईट बोलायला माझी जीभ आजही उचलत नाही.

गॅलरीत आम्ही गप्प असतो असं कुणी म्हणणार नाही. रेफ्रीला आम्ही सोडत नाही, चुकलेल्या पेनल्टीवर दोन दिवस बोलतो, मॅनेजरने बदली खेळाडू उशिरा उतरवला तर अख्खा स्टँड उभा राहतो. पण तिकिटाचे दर, कर्ज, मैदानाची विक्री, कुणाच्या पैशावर क्लब चालतो, संचालकांच्या बैठकीत काय ठरतं, असे विषय आले की आमच्यातले बहुतेक जण तोंडात मूग गिळून बसतात. तुम्ही ते पाहता आणि 'मौनं संमतिलक्षणम्' असा हिशेब मांडता. तो हिशेब चुकीचा आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक जुनी चादर रंगवली होती. दोनच शब्द : 'आम्हाला विचारा'. काळा रंग, हातभर उंचीची अक्षरं. रात्रभर वाळत घातली तरी 'वि'ची वेलांटी खाली ओघळलीच. दुसऱ्या दिवशी ती घडी जॅकेटच्या आत पोटाशी बांधून मी आत नेली. साठाव्या मिनिटाला उघडायची असं ठरलं होतं. आम्ही ०-१ ने मागे होतो. सत्तावन्नाव्या मिनिटाला मॅनेजरने अठरा वर्षांच्या एका मुलाला तयार व्हायला सांगितलं. त्याचा पहिलाच सामना. तो टचलाइनवर उभा राहून मोजे वर ओढत होता, सोडत होता, पुन्हा वर ओढत होता. आमच्या शेजारच्या सीटवर कित्येक वर्षं एक वयस्कर गृहस्थ बसतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना चादरीचं माहीत होतं. ते मैदानावरची नजर न काढता एवढंच म्हणाले, "आत्ता नको रे. पोरगं बिथरेल." साठावं मिनिट आलं आणि गेलं. सामना आम्ही हरलो. बाहेर पडताना चौघांपैकी एकानेही विषय काढला नाही. घरी येऊन मी चादर कपाटात ठेवली.

मालकहो, 'आत्ता नको' हे आमच्या मौनाचं सगळ्यात मोठं कारण आहे. सामना चालू असताना नको, कारण खेळाडूंना वाटेल आम्ही त्यांच्यावर उलटलोय. हरत असताना नको, कारण संघाला तेव्हाच आमची गरज असते. जिंकत असताना नको, कारण चांगल्या दिवसांना नाट कशाला लावायचा? हंगामाच्या शेवटी नको, गुणतक्त्यात खाली घसरायची भीती असते. आणि हंगाम संपला की नव्या खेळाडूंच्या बातम्या सुरू होतात, नवी जर्सी येते, आशेला पुन्हा पालवी फुटते. फुटबॉलच्या कॅलेंडरमध्ये तक्रारीची तारीखच नाही. तुमचे सगळे मोठे निर्णय मात्र बरोबर त्या मधल्या सुट्टीत जाहीर होतात, जेव्हा स्टँड रिकामे असतात आणि आम्ही एकमेकांच्या शेजारी बसलेले नसतो.

दुसरी गोष्ट समोरच्या क्लबची. ज्यांच्याशी आमचं वर्षानुवर्षांचं वैर आहे, त्यांच्यापुढे आम्हाला घरचं भांडण चव्हाट्यावर आणायचं नसतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मालक चुकला हे आम्हाला कळतं, पण ते मोठ्याने म्हटलं की उद्या कामाच्या ठिकाणी समोरचा हसणार, आणि ते हसणं तुमच्या तिकीटवाढीपेक्षा जास्त बोचतं. हे मी उगाच म्हणत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आठवा. १८ तारखेच्या रविवारी रात्री युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी सुपर लीग ही आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली. मंगळवारी रात्रीपर्यंत त्यातले सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले होते. स्टॅम्फर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानाबाहेर क्लबचे चाहते रस्ता अडवून उभे होते आणि क्लबचा माजी गोलरक्षक पेत्र चेक स्वतः गर्दीत येऊन त्यांना थोडा वेळ मागत होता. वर्षानुवर्षं मालकांविरुद्ध न बोललेली माणसं त्या दोन दिवसांत रस्त्यावर आली. का? निर्णय वाईट होता, हे तर आहेच. पण त्या वेळी हसणारं कुणी उरलं नव्हतं. आर्सेनलचा चाहता, टॉटनमचा चाहता, लिव्हरपूलचा, मँचेस्टर युनायटेडचा, सगळ्यांची लाज एकाच दिवशी निघाली होती. वैर बाजूला पडलं आणि तोंडं उघडली. म्हणजे राग आधीही होता. त्याला अडवून धरलं होतं ते शेजाऱ्याच्या हसण्याने.

आणि ज्या रागाला अडवता येत नाही, त्याच्यासाठी तुमच्याकडे मॅनेजर असतो. चार सामने हरले की त्याला काढता. आम्ही महिनाभर त्याच्या नावाने ओरडलेलो असतो, त्यामुळे आमचं ऐकलं गेलं असं आम्हालाही वाटतं. नवा माणूस येतो, पहिल्या पत्रकार परिषदेत क्लबच्या इतिहासाबद्दल चार चांगले शब्द बोलतो आणि आम्ही शांत होतो. ज्या मंडळाने जुन्याला नेमलं होतं, खेळाडू विकले होते, पैसे दिले नव्हते, ते मंडळ जागच्या जागी राहतं. खापर फोडायला एक डोकं मिळालं की दुसऱ्या डोक्याकडे कुणी बघत नाही. यात आमची चूक आहे, मी ती नाकारत नाही.

आता भीतीबद्दल. बाहेरच्या माणसाला ही भीती कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेल्समधला कार्डिफ सिटी हा क्लब शंभराहून अधिक वर्षं निळ्या जर्सीत खेळला. त्याचं टोपणनावच 'ब्लूबर्ड्स'. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल करायचं ठरवलं. सोबत गुंतवणुकीचं आश्वासन होतं. विरोध झाला, नाही असं नाही. पण फार मोठ्या संख्येने लोकांनी मान खाली घालून लाल रंग स्वीकारला. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. कर्जात बुडालेल्या क्लबच्या चाहत्यासमोर 'रंग की क्लब' असा प्रश्न ठेवला तर तो काय म्हणेल? दगडापेक्षा वीट मऊ. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, कार्डिफ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात अर्धशतकानंतर पुनरागमन. ज्या दिवसाची माणसाने आयुष्यभर वाट पाहिली, तो दिवस आला आणि अंगात रंग भलताच. त्या आनंदात किती जणांच्या घशात आवंढा अडकला असेल, ते कुठल्या सर्वेक्षणात येत नाही. २०१४ मध्ये संघ पुन्हा खालच्या विभागात घसरला आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. मधली अडीच वर्षं जे गप्प होते, त्यांना लाल रंग आवडला होता का? त्यांना फक्त क्लब बुडालेला बघायचा नव्हता.

ही भीती खोटी नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'बरी' नावाचा, १८८५ साली स्थापन झालेला क्लब इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकला गेला, कारण पैशांची हमी देणारं कुणी उभं राहिलं नाही. अशी बातमी आली की जगभरातला प्रत्येक छोट्या क्लबचा चाहता आपल्या मालकाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. हा गेला तर पुढचा कोण? आगीतून फुफाट्यात जायचं नसतं. तुमच्यापैकी काही जणांनी ही भीती ओळखली आहे आणि वेळप्रसंगी वापरलीही आहे. "मी निघून गेलो तर बघा" हे वाक्य एखाद्या मालकाने उघडपणे म्हणायची गरज नसते. ते आमच्या मनात आपोआप उमटतं.

दुकान आवडलं नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. आम्ही कुठे जाणार? क्लब बदलता येत नाही. कायद्याने बंदी नाही, पण मनाला ते जमत नाही. बापाने हात धरून ज्या स्टँडमध्ये नेलं, तिथेच आता मुलाला घेऊन बसतो. शेजारच्या काकांचं पूर्ण नाव माहीत नाही, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते माहीत आहे. सीझन तिकीट सोडलं तर ती सीट रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला जाईल आणि परत मिळणार नाही. निषेध म्हणून तिकीट सोडायचं तर तुम्हाला नवा ग्राहक मिळतो आणि आमचा वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी माणूस गप्प बसून आपली जागा राखतो. तुमच्या हिशेबात ती एक 'नूतनीकरण झालेली' सीट असते.

आमच्यातच एकमेकांना गप्प करणारेही आहेत. कुणी तक्रार केली की लगेच "खरा चाहता असं बोलत नाही", "चांगल्या दिवसांत आलेले तुम्ही". हे मी स्वतः दुसऱ्याला म्हटलेलं आहे. एका तरुण मुलाने एकदा विचारलं होतं की क्लबने घेतलेले पैसे गेले कुठे, आणि मी त्याला आधी दहा वर्षं पावसात उभं राहायला सांगितलं होतं. त्याचा प्रश्न बरोबर होता. तो नंतर स्टँडमध्ये दिसला नाही. ही गोष्ट मला आजही खाते.

तर ही आमच्या मौनाची कारणं. यातल्या एकाही कारणात 'आम्हाला सगळं पटलं आहे' हे कारण नाही.

आमचा आवाज काय चीज आहे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२० च्या मे महिन्यात जर्मनीत आणि जूनमध्ये इंग्लंडमध्ये रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज मिसळावा लागला. खेळाडू तेच, मैदान तेच, आणि तरी पडद्यावरचा तो खेळ सरावासारखा वाटत होता. जो आवाज तुम्ही प्रक्षेपण हक्कांबरोबर विकता, तो आम्ही फुकट देतो.

जर्मन चाहत्यांनी हे फार आधी ओळखलं. २०१२ साली स्टेडियममधल्या सुरक्षेचे नवे नियम १२ डिसेंबरला मंजूर व्हायचे होते. त्याआधीच्या सामन्यांत देशभरातल्या स्टँडमध्ये पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद कुणी गायलं नाही, टाळी वाजवली नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आवाजाला किंमत नसेल, तर माहौलही मिळणार नाही. हजारो माणसं भरलेल्या मैदानात चेंडूला लागलेली लाथ ऐकू येत होती, गोलरक्षकाची हाक ऐकू येत होती. मग घड्याळात तो क्षण आला की सगळा स्टँड एकदम फुटायचा. अकरा वर्षांनी, लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नातला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला गेला, तेव्हाही त्यांनी आधी १२ मिनिटं मौन पाळलं. नंतर मैदानात टेनिसचे चेंडू पडू लागले, सामने थांबू लागले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने तो व्यवहार सोडून दिला. तिथे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासद असलेल्या चाहत्यांच्या हाती राहतं, १९९८ पासून तसा नियम आहे. बोलण्याची जागा असेल तर माणसं बोलतात, हे त्यातून मला दिसतं.

जिथे ती जागा नसते, तिथे काय होतं तेही पाहा. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल क्लबचे चाहते मालकांशी भांडून थकले आणि घरी बसले. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर उभे राहायचे, आत जायचे नाहीत. आपल्या संघाचा गोल भिंतीपलीकडून नुसता ऐकायचा, हे काय असतं याची कल्पना करा. हे काही वर्षं चाललं. २०१९ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने क्लबवर रिसीव्हर, म्हणजे मालकांऐवजी कारभार बघणारा अधिकारी, नेमला आणि ९ मार्चला घरच्या सामन्याला १५ हजारांहून जास्त लोक परतले. कव्हेंट्री सिटीने २०१३ मध्ये घरचे सामने दुसऱ्या गावी, नॉर्दॅम्प्टनला हलवले, तेव्हा काही चाहते तिथवर गेले, पण तिकीट काढलं नाही. मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभं राहून दिसेल तेवढा सामना पाहिला. संघाकडे पाठ फिरवायची नव्हती आणि मालकाला पैसेही द्यायचे नव्हते. त्या टेकडीवरच्या माणसांइतकं आमचं दुखणं दुसऱ्या कुणी नीट मांडलेलं मला माहीत नाही.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ च्या मे महिन्यात एका त्रिसदस्यीय आयोगाने क्लबला लंडनबाहेर मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेतली आणि खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाउ लेनवर, आपल्या जुन्या मैदानाजवळ, परत आला.

आणि अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूलचं मैदान. ६ फेब्रुवारी २०१६, संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० ने पुढे. नव्या मुख्य स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार असं जाहीर झालं होतं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला सुमारे १० हजार माणसं उठली आणि बाहेर गेली. ते जिंकत होते. जिंकत असलेला सामना सोडून जाणं चाहत्याला किती अवघड असतं, ते वर 'आत्ता नको'ची कारणं सांगताना आलंच आहे. उरलेल्या वेळात दोन गोल बसले आणि सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचं तिकीट रद्द केलं, दर दोन हंगाम गोठवले. बाहेर पडलेल्यांतले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच शिट्टी वाजायच्या आधी उठले असतील. त्या सकाळपर्यंत तेही तुमच्या भाषेत 'निष्ठावान' होते.

इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, क्लबांनी चाहत्यांशी सल्लामसलत करणं हा त्याचा भाग आहे. चांगली गोष्ट आहे. पण कायदा नसलेल्या देशांतल्या मालकांना कुणी अडवलेलं नाही. विचारायला कायदा लागत नाही.

आमचं मागणं लहान आहे. नाव, चिन्ह, रंग, मैदान आणि तिकिटाचे दर, या पाच गोष्टींत निर्णय घेण्याआधी विचारा. जाहीर झाल्यावर अभिप्राय मागू नका. वर्षातून दोनदा बैठक घ्या, हंगाम चालू असताना घ्या, आणि त्या बैठकीला क्लबचे हिशेब घेऊन या. जनसंपर्काच्या माणसाला पाठवू नका, स्वतः या. आमच्यातले जे कधीच बोलत नाहीत त्यांनाही बोलवा. नेहमी बोलणारे चौघे येतीलच, पण काकांना मात्र नावाने पत्र पाठवावं लागेल. ते पहिल्या बैठकीत काही बोलणार नाहीत. दुसऱ्या बैठकीत कदाचित बोलतील.

सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची पत्रं निघायला अजून अवकाश आहे. ती निघायच्या आधी पहिल्या बैठकीची तारीख कळवा. चादर कपाटात आहे. तुम्ही तारीख दिलीत तर ती तिथेच राहील, नाही तर या खेपेला साठाव्या मिनिटाला ती उघडायची असं आम्ही चौघांनी ठरवलं आहे. काकांनाही सांगितलं आहे. ते म्हणाले, एक टोक मी धरतो.

आपला,
एक सीझन तिकीटधारक